पोलीस मालिका: दार तुटतं, चोर सापडतो, पण पंच कुठे जातात?

सोनटक्का

डिसेंबर २०२४मध्ये 'सीआयडी' परत आली आणि घरोघरी पुन्हा दारं तुटायला लागली. म्हटलं, या निमित्ताने धागा काढावा.

प्रश्न साधा आहे. पोलीस तपासाच्या मालिकांपैकी तपास नीट कोण दाखवतं? कोणाचा अभिनय भारी, कोण कधी मालिका सोडून गेलं, हे इथे नको. त्यासाठी बाकीचं इंटरनेट मोकळं आहे. काय बरोबर दाखवलं, काय चूक, आणि ती चूक खऱ्या खटल्यात झाली असती तर पुढे काय बिघडलं असतं, एवढं लिहा.

माझा क्रम: 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन सगळ्यात वर. 'क्राइम पेट्रोल' भागाभागावर अवलंबून. 'सीआयडी' कुठे ठेवायची ते तुम्हीच सांगा.

अर्धी_चाळ

'सीआयडी' या यादीत घेऊच नका. ते कोडं आहे. बंद खोली, पाच संशयित, तिसऱ्या ब्रेकनंतर खोटा गुन्हेगार, शेवटच्या ब्रेकनंतर खरा. आजी आणि नातू एकत्र बसून बघतील असा खून. बी. पी. सिंग यांनी त्याआधी मराठीत दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' केली होती, शिवाजी साटम त्यातही होते. २००४मध्ये याच माणसाने १११ मिनिटांचा अख्खा भाग एका शॉटमध्ये घेतला. म्हणजे हात कसलेला होता, कोडं घालायचं हे ठरवून केलेलं काम होतं. १९९८ ते २०१८ दीड हजारावर भाग उगाच चालले नाहीत.

किल्लाकोर्ट

कोडं म्हणून मान्य. पण त्या कोड्याचं उत्तर कोर्टात शून्य मार्काचं आहे, ते असं.

प्रत्येक भागाची शेवटची पाच मिनिटं आठवा. आरोपी मध्ये उभा, भोवती सहा अधिकारी, एक कानाखाली, मग "हो, मीच मारलं" आणि फ्लॅशबॅक. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम २३. कबुली हवीच असेल तर आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं. तिथे मॅजिस्ट्रेट आधी बजावतात की कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला वेळ देतात, त्या वेळात तपासातले पोलीस आसपास नसतात. त्यानंतर बरेच जण कबुली द्यायला नकार देतात.

मग पोलीस कबुलीतून मिळवतात काय? त्याच कलमाच्या परंतुकात फट आहे, जुन्या कायद्यात ती कलम २७ होती, म्हणून वकिली भाषेत अजून सगळे तिला "सत्तावीस"च म्हणतात. आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्या सापडण्यापुरतं त्याचं बोलणं पुराव्यात येतं. "मी खून केला" हे बाद, "सुरा जिथे लपवला ती जागा दाखवतो" हे चालतं. खऱ्या तपासातला निम्मा जीव या एका वाक्यात अडकलेला असतो आणि मालिकांना त्याचा पत्ता नाही.

दाराबद्दल: पोलिसांना दार तोडता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४४. पण आधी आपण कोण आणि कशाला आलो ते सांगून आत येऊ द्यायला सांगावं लागतं, आणि तरी उघडलं नाही तर मग लाथ. आत रूढीने लोकांसमोर न येणारी स्त्री राहत असेल तर तिला बाजूला व्हायची सवड द्यावी लागते. 'सीआयडी'तल्या दयाने कधी कडीसुद्धा वाजवलेली नाही.

वाफाळता

हसून हसून पुरेवाट. "कडीसुद्धा वाजवलेली नाही" हे शर्टवर छापून घ्या.

हद्दीबाहेर

हुद्द्यांचा घोळ कोणीतरी सांगायला हवा.

मुंबईत आयुक्तालय आहे. तिथे खुनाचा तपास स्थानिक पोलीस ठाणं करतं आणि समांतर गुन्हे शाखेचं युनिट करतं. गुन्हे शाखा सह पोलीस आयुक्त, गुन्हे यांच्या हाताखाली. राज्याचा सीआयडी हे वेगळं खातं, त्याचं मुख्यालय पुण्यात. त्यांच्याकडे सरकारने किंवा कोर्टाने सोपवलेले तपास जातात, शिवाय कोठडीतले मृत्यू. दादरला कोणी पडलं म्हणून सीआयडीची गाडी धावत येत नाही. मालिकेत दिसतं ते काम प्रत्यक्षात गुन्हे शाखेचं, पाटी सीआयडीची.

दुसरं, एसीपी. सहायक पोलीस आयुक्त हा आयुक्तालयातला हुद्दा. ग्रामीण भागात त्याच तोलाचा उपविभागीय पोलीस अधिकारी. त्याच्याकडे बहुतेक दोनतीन ठाण्यांची देखरेख असते, तो स्वतः भिंग घेऊन गालिच्यावर रांगत नाही. तपास करतो पीएसआय (उपनिरीक्षक), एपीआय किंवा पीआय (निरीक्षक). एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक किंवा सपोनि, हे तर खास महाराष्ट्रातलं पद. त्यामुळे मुंबईची गोष्ट असूनही हिंदी मालिकांत सपोनि क्वचित भेटतो. खांदा बघा: पीएसआयला दोन तारे, सपोनिला तीन तारे आणि लाल फीत, पीआयला तीन तारे आणि लाल-निळी फीत. वेशभूषावाले तीन तारे दिसले की "इन्स्पेक्टर साहेब" म्हणून मोकळे होतात.

मराठीत हे जरा बरं असतं. स्टार प्रवाहच्या 'लक्ष्य'मध्ये निदान कानावर पडणारी भाषा ठाण्यातली होती. हवालदार साहेबाशी जसा बोलतो तसा बोलायचा. हिंदी मालिकेतला हवालदार एक तर विनोदी असतो, नाहीतर पहिल्या भागात मरतो.

मीठपाणी

आता प्रयोगशाळेकडे. रंगीत पाण्याच्या चंबूंबद्दल सगळेच बोलतात, ते सोडून देतो. खरी चूक वेळेची आहे.

'सीआयडी'तले डॉक्टर साळुंखे प्रेताकडे बघून "मृत्यू रात्री सव्वाअकरा ते साडेअकरा" सांगतात. मृत्यूची वेळ तीनचार गोष्टी जुळवून काढतात: शरीर किती गार पडलं, मरणोत्तर ताठरपणा कुठवर आला, रक्त साकळून पडलेले डाग पक्के झाले का, पोटातलं अन्न किती पचलं. ताठरपणाचा ढोबळ हिशोब बारा तास चढायला, बारा टिकायला, बारा उतरायला. हे आकडे थंड हवेतल्या पुस्तकांचे. आपल्याकडे उन्हाळ्यात सगळं लवकर चढतं आणि लवकर उतरतं. शरीर गार होण्याचा हिशोब तर नागपूरच्या मे महिन्यात निकालीच निघतो. बाहेर ४५ अंश, शरीर ३७ अंशांचं, गार होणार कशाच्या जोरावर? म्हणून शवविच्छेदनाच्या अहवालात काही तासांचा पट्टा लिहिलेला असतो. पंधरा मिनिटांची खिडकी सांगणाऱ्या डॉक्टरला उलटतपासणीत बचावाचा वकील सोलून काढेल.

विषाचं बघा. पोटाचे आणि इतर अवयवांचे नमुने, म्हणजे व्हिसेरा, राखायची रीत ठरलेली आहे. एका रुंद तोंडाच्या बरणीत जठर आणि त्यातला ऐवज, सोबत लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटर तुकडा. दुसरीत यकृताचा अर्धा किलोच्या आसपास भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा. रक्त वेगळं. बरण्यांत संपृक्त मिठाचं पाणी, म्हणजे मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं साधं खाऱ्या पाण्याचं द्रावण. बरणी दोनतृतीयांशच भरायची. आत वायू तयार होतात, गच्च भरली तर झाकण उडतं. आणि तेच मिठाचं पाणी कोऱ्या बाटलीत वेगळं पाठवायचं, नाहीतर विष मिठातच होतं असा युक्तिवाद होतो.

मालिकांत काचेच्या बरणीत पिवळसर पाण्यात अवयव तरंगताना दाखवतात, ते फॉर्मेलिन. फॉर्मेलिन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या असतील तेव्हा. विष शोधायचं असेल तर ते घात करतं, ऊती घट्ट होतात आणि विष बाहेर काढणं कठीण होतं. एका बरणीत चुकीचं द्रावण ओतलं की कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतला सगळा खटाटोप वाया. दारूचा संशय असेल तर स्पिरिटमध्येही ठेवायचं नाही, कारण उघड आहे. अशी एक चूक अख्ख्या भागाला पुरेल. पण लेखकांना सायनाइडच हवं असतं. आपल्याकडच्या गावात खरं विष पिकावरच्या फवारणीचं असतं आणि बरणी उघडली की वास येतो लसणासारखा.

अवांतर: रुमालाला क्लोरोफॉर्म लावला आणि तीन सेकंदांत माणूस आडवा, हे होत नाही. निदान पाच मिनिटं सलग हुंगवावं लागतं. तेवढ्या वेळात माणूस ओरडेल, चावेल आणि रिक्षा करून निघून जाईल.

बाल्टिमोरचा बबन

पाणी घालायला आलो. 'द वायर' बघितली नसेल तर हा धागा अर्धाच समजेल.

२००२ ते २००८, बाल्टिमोर शहर. लिहिणारे दोघे: डेव्हिड सायमन वर्तमानपत्रातला गुन्हे वार्ताहर, एड बर्न्स त्याच शहरातला माजी तपास अधिकारी. पहिल्या सीझनमध्ये अमली पदार्थ विकणारी टोळी पेजर आणि सार्वजनिक फोन वापरते. पोलिसांना फोन ऐकायचा तर न्यायाधीशापुढे शपथपत्र. त्यात दाखवायचं की बाकीचे मार्ग वापरून बघितले, ते पुरे पडले नाहीत. परवानगी मिळाली तरी मुक्त नळ नाही. समोर रस्त्यावर कोणीतरी नजर ठेवून खात्री करायची की फोनवर टोळीचाच माणूस आहे. बोलणं घरगुती निघालं तर कान काढून घ्यायचा आणि नोंद करायची. म्हणून त्या मालिकेत छतावर दुर्बीण घेऊन बसलेला एक आणि तळघरात कानाला हेडफोन लावलेला दुसरा, असे दोघं सतत दिसतात. कंटाळवाणं काम तपशिलात दाखवलं म्हणूनच शेवटी एक शब्द उलगडतो तेव्हा अंगावर येतं.

त्याच शहरावरची आधीची मालिका 'होमिसाइड'. भिंतीवर फळा. उघडे खून लाल अक्षरात, सुटलेले काळ्यात, प्रत्येक तपासनिसाच्या नावाखाली. लाल वाढत चाललं की साहेबाचा चेहरा बदलतो. एका फळ्यावर सगळी नोकरी.

आणि 'लॉ अँड ऑर्डर', १९९०पासूनची. अर्धा भाग पोलीस, अर्धा कोर्ट. पहिल्या अर्ध्यात केलेली घाई दुसऱ्या अर्ध्यात अंगाशी येते. झडती चुकली, वकील मागितला तेव्हा दिला नाही, की पुरावा बाद. आपल्याकडे असं कोणी का करत नाही?

किल्लाकोर्ट

बबनराव, तुमच्या शेवटच्या मुद्द्यात गोम आहे. अमेरिकेत बेकायदा झडतीतला पुरावा बहुतेक वेळा बाद होतो, म्हणून तिथे तो नाट्याचा कणा बनतो. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये पूरनमल खटल्यात म्हटलं की झडती बेकायदा होती एवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, तो खटल्याशी संबंधित असला की येतो. त्यामुळे भारतीय मालिकेत न्यायाधीशाने "बेकायदा झडती, आरोपी सुटला" म्हटलं तर ते अमेरिकेची उसनवारी आहे.

आपल्याकडे आरोपी सुटतो तो अविश्वासाने. पुरावा कागदावर येतो, पण त्यावर न्यायाधीशाचा भरवसा बसत नाही. पंच, म्हणजे पंचनाम्याचे साक्षीदार, फितूर, मुद्देमालाच्या लेबलवर सही नाही, सुरा ठाण्यात बारा दिवस का पडून होता याला उत्तर नाही, फिर्याद नऊ तास उशिरा. यातून संशयाचा फायदा. ही गळती हळू असते, एका क्षणात हातोडा आपटून दाखवता येत नाही. बहुधा म्हणूनच लेखक टाळतात.

फोन ऐकण्याबद्दलही फरक. आपल्याकडे ती परवानगी न्यायाधीश देत नाहीत, गृहसचिव देतात. एका वेळी साठ दिवस, वाढवत नेऊन जास्तीत जास्त १८० दिवस. आपल्या मालिकेतला इन्स्पेक्टर "इसका फोन टॅप पे डालो" म्हणतो आणि चार सेकंदांत आवाज येतो. त्याच्या टेबलावरून गृह विभागापर्यंत कागद कसा गेला हे कोणी विचारत नाही.

सहावा पंच

किल्लाकोर्ट यांनी लेबल म्हटलंच आहे, तर एका रक्ताळलेल्या सुऱ्याचं काय करायचं असतं ते सांगतो. मालिकेत अधिकारी खिशातला रुमाल काढून सुरा उचलतो आणि प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो. दोन्ही गोष्टी घातक. रुमालाने ठसे पुसले जातात. ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कोंडलं की बुरशी धरतं आणि डीएनए खराब होतो.

करायचं असतं ते असं. आधी सुरा जागेवर असतानाच फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. भिंतीपासून आणि उंबऱ्यापासून अंतर मोजून कच्चा नकाशा. मग दोन पंचांसमोर वर्णन: पातं इतके सेंटिमीटर, मूठ लाकडी की प्लास्टिकची, खिळे किती, डाग कुठे. मुठीच्या कडेला धरून उचलायचा, सावलीत वाळू द्यायचा, पंख्याखाली नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोऱ्याने बांधायचा म्हणजे पातं हलून कागद फाटत नाही. खोक्यावर खाकी कागद, दोरा, गाठीवर लाख. लेबलवर गुन्हा रजिस्टर नंबर, तारीख, वेळ, पंचांच्या आणि तपासी अंमलदाराच्या सह्या. लाखेवर उमटवलेल्या मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर, कारण प्रयोगशाळा तो आलेल्या खोक्याशी ताडून बघते. ठाण्यात आल्यावर मुद्देमाल रजिस्टरला नोंद. कलिन्याला घेऊन जाणाऱ्या शिपायाची स्टेशन डायरीत जाताना नोंद, येताना पोच.

आता यात जुलै २०२४पासून भर पडली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५, मोबाइलवर केलेलं चालतं, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे जायला हवं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणं सक्तीचं होत आहे, राज्यांनी ते पाच वर्षांच्या आत लागू करायचं आहे. म्हणजे आता मालिकेला कॅमेऱ्यातला कॅमेरा फुकट मिळालाय. चित्रीकरणात पंच तिसऱ्या मिनिटाला दिसतो आणि सातव्या मिनिटाला नाहीसा होतो, यावर एक भाग उभा राहील.

अर्धी_चाळ

हे सगळं दाखवलं तर चाळीस मिनिटांत लाखच वाळेल हो. प्रेक्षक काय खोक्याला दोरा बांधताना बघणार?

सहावा पंच

दोरा नका दाखवू. गाठ सुटलेली दाखवा. खोकं प्रयोगशाळेच्या खिडकीवर आलं, आतल्या कारकुनाने मोहोर ताडून बघितली आणि खोकं परत केलं. अर्ध्या मिनिटाचं दृश्य. पुढचा सगळा भाग त्या अर्ध्या मिनिटावर चालतो.

टॉवरखाली

सोनटक्का, 'दिल्ली क्राइम' वर का, याचं कारण मी देतो. २०१९चा पहिला सीझन, सात भाग, २०१२च्या दिल्लीच्या घटनेवर. त्याला २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालं. मला त्यात भावतो तो बस शोधण्याचा भाग. रस्त्यालगतच्या कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणातून एक पांढरी बस शोधायची आहे आणि दिल्लीत पांढऱ्या बसला तोटा नाही. एक खूण, मग दुसरी, मग गाड्यांची यादी, मग माणूस. "झूम करो, क्लिअर करो" नाही.

कॅमेऱ्याबद्दल मालिका चुकतात त्या दोन गोष्टी. एक, चित्र मोठं केलं की तपशील वाढत नाही, ठोकळे मोठे होतात. बारा पिक्सेलमध्ये मावलेली नंबर प्लेट कोणताही संगणक वाचून देत नाही. दोन, दुकानातल्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ जवळजवळ कधीच बरोबर नसतं. वीज गेली, सेल संपला, ते सतरा मिनिटं मागे. त्यामुळे चित्रीकरण घेतानाच डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ शेजारी शेजारी पंचनाम्यात लिहायची. हे राहिलं की आरोपी एकाच वेळी दोन ठिकाणी दिसतो आणि बचावाचा वकील चहा पीत पीत जिंकतो. शिवाय डिस्क भरली की जुनं पुसून नवं चढतं, बऱ्याच ठिकाणी पंधरा ते तीस दिवसांत. कॅमेरा गाठायची घाई आरोपी गाठण्याहून मोठी असते.

आणि हे सगळं कोर्टात न्यायला प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३. २०२०चा अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निकाल याच प्रमाणपत्रावरचा. जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला वाद आणि तो आता देशभरच्या फौजदारी खटल्यांत वापरला जातो. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठा, लिहायचं. एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतं.

सीडीआरची, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींची, तीच गत. मालिकेत नकाशावर लाल ठिपका सरकतो आणि पोलीस थेट बिछान्यापाशी. टॉवरचा तपशील परिसर सांगतो. शहरात काहीशे मीटर, गावाकडे काही किलोमीटर. ज्या टॉवरवर खुनी आहे त्याच टॉवरवर त्याच वेळी हजार माणसं असतात. सीडीआरचा खरा उपयोग उलटा: "मी त्या रात्री सोलापूरला होतो" म्हणणाऱ्याचा फोन ठाण्यात होता, हे खोटं पकडायला. व्हॉट्सॲपवरचा कॉल तर त्या यादीत येतच नाही.

सोनटक्का

हे सोनं आहे. ओळखपरेडबद्दल कोणी लिहाल का? मालिकांत काचेआड साक्षीदार, पलीकडे पाच जण पाट्या धरून.

किल्लाकोर्ट

ती काच परदेशी. आपल्याकडे ओळखपरेड पोलीस घेत नाहीत. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार किंवा नायब तहसीलदार घेतात, तुरुंगात. तपासातले पोलीस खोलीत नसतात. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एक आरोपी असेल तर निदान अर्धा डझन माणसं, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत दोनाहून जास्त आरोपी शक्यतो नकोत. ही माणसं वयाने, उंचीने, चेहऱ्यामोहऱ्याने आरोपीशी मिळतीजुळती हवीत. दाढीवाला आरोपी आणि सहा गुळगुळीत, असं केलं तर परेड वाया. आरोपीला हवी ती जागा निवडू द्यायची, एका साक्षीदारानंतर जागा बदलू द्यायची, शर्टही बदलू द्यायचा.

बातम्यांत आरोपीच्या डोक्यावर बुरखा दिसतो तो लाज म्हणून नसतो. परेडीआधी साक्षीदाराने चेहरा बघू नये म्हणून असतो. मालिकेतला इन्स्पेक्टर साक्षीदारापुढे फोटो नाचवत विचारतो, "हाच का तो?" त्या वाक्यासरशी ओळखपरेड संपली.

'लाइन ऑफ ड्यूटी' यासाठीच आवडते. ब्रिटिश, पोलिसांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांची. काचेच्या खोलीत चौघं, टेबलावर रेकॉर्डर, सुरुवातीला लांबलचक भोंगा, मग कागद क्रमांक अमुक, छायाचित्र क्रमांक तमुक. आरोपी अधिकारी आपल्याहून वरच्या हुद्द्याचाच प्रश्न विचारणारा हवा म्हणून अडून बसतो. पंधरावीस मिनिटं कोणी खुर्चीतून उठत नाही आणि बघणाऱ्याला पाणी प्यायला उठवत नाही. पद्धत हेच तिथलं हत्यार आहे.

रात्रपाळी

मग आपल्याकडचं हत्यार चोवीस तासांचं घड्याळ. अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. मालिका याकडे बघतच नाहीत, चौकशी आठवडाभर चालते. आराखडा टाकतो, कोणी लेखक वाचत असेल तर घ्या.

रात्री ९.१०, अटक. अटक पंचनामा, अटकेची कारणं लेखी, नातेवाइकाला कळवल्याची नोंद. आरोपीची बहीण साथीदार आहे, पण तिला आत्ता आणता येत नाही. सूर्यास्त ते सूर्योदय स्त्रीला अटक नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. दाराबाहेर साध्या कपड्यांत दोघं बसवायचे आणि पहाटेची वाट बघायची. रात्री १०.३०, वैद्यकीय तपासणी, सरकारी दवाखान्यात रांग. रात्री ११.२०, आरोपी बोलायला लागतो: सुरा खाडीजवळ पुलाखाली पुरलाय, दाखवतो. आता पंच हवेत. ११.४०ला पंच, निवेदन पंचनामा, आरोपीच्याच शब्दांत. मग जीपमध्ये पंच, आरोपी, अंमलदार, आणि रस्ता आरोपीने सांगायचा. चालकाने आधीच गाडी वळवली तर पोलिसांना जागा माहीत होती असा अर्थ निघतो. १२.५०, भरती. पुलाखाली पाणी. ओहोटी पहाटे. ६.१५ला खणतात, सुरा मिळतो, साडेसातला सील. ९ वाजता रिमांड अर्ज टाइप. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून हॉलिडे कोर्ट. मॅजिस्ट्रेट विचारतात, सुरा मिळाला, मग पोलीस कोठडी कशाला? उत्तर तयार नसेल तर थेट न्यायालयीन कोठडी.

एकही गोळी नाही. एकही दार तुटत नाही.

अर्धी_चाळ

भरतीवाला भाग घेतला. हा मी बघेन.

हद्दीबाहेर

छान आहे, पण भोक आहे. ११.४०ला पंच कोण आणलात? कायदा म्हणतो त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी. पावणेबारा वाजता वस्तीत शटर खाली आणि दारं बंद. पोलिसांनी बेल वाजवली की आतून "साहेब झोपलेत" येतं.

सहावा पंच

गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच घ्यायची पद्धत आहे आपल्याकडे. कार्यालयाला पत्र देऊन बोलवायचे.

हद्दीबाहेर

शनिवारी रात्री कोणत्या कार्यालयाला पत्र देताय?

रात्रपाळी

कोपऱ्यावरचा पानवाला. तो बारापर्यंत उघडा असतो.

किल्लाकोर्ट

पानवाला चालेल. फक्त आधी विचारून घ्या, कारण ठाण्याच्या कोपऱ्यावरचा पानवाला बहुधा आणखी चार खटल्यांत पंच असतो, आणि उलटतपासणीचा पहिला प्रश्न तोच येतो.